गोरखनं आणलेली राख

वेल्ह्याच्या बाजारात परवा एक भाजीवाली मला म्हणाली, "तुमचा गोरख म्हणं बापाशी भांडून गेला? वाटीभर तांदळापायी?" म्या हातातली मेथीची जुडी तिच्या पाटीत टाकली आन् म्हटलं, "बाई, तुमच्या चुलीवर काय करपतंय ते बघा आदी. माझ्या घरातलं मला ठाऊक." आन् तरातरा निघून आले. त्या दिशी आमी पिठलं खाल्लं.

पण खरं सांगते, माझ्या घरातलं जे मला ठाऊक हाय, ते मला कुणाला सांगायची सोय न्हाई. आपलेच दात आन् आपलेच ओठ. तुमी लांबचं, तुमी काय आमच्या गोरखला भेटणार न्हाई, म्हणून तुमच्याजवळ बोलते. बोलले न्हाई तर माझी छाती फुटंल.

आमी पासलीचं. डोंगरातलं गाव, भाताशिवाय दुसरं काय न्हाई. घरात आमी तिघंच व्हतो. मी चंद्राबाई, आमचा एकुलता एक गोरख, आन् आमचं मालक. मालकांचं नाव ज्ञानू. बिनउखाण्याचंच घेतलं, आता ह्या वयात कसली लाज!

ह्यांचा जीव दोन गोष्टींत. एक पोरगा आन् दुसरा रायभोग. रायभोग म्हंजे आमचं जुनं भात. समद्या गावानं इंद्रायणी धरली त्याला लई सालं झाली. रायभोग उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो, उताराबी कमी. पण त्याची पेज शिजाया लागली की वरच्या आळीपतूर वास जातो. कुणी बाळंत झाली, कुणी तापातनं उठलं, की वाटी घेऊन माणूस आमच्याच दारात. ते बियाणं माझ्या सासूबाईंनी माहेरनं वटीत आणलेलं. दरसाल पेरायचं, दरसाल झोडायचं, त्यातलं टपोरं निवडून पुढल्या सालाला ठेवायचं. भाताचं बी काय सोनं न्हाई, डब्यात घालून ठेवलं आन् राहिलं. दोन पावसाळं पेरलं न्हाई की संपलं.

आन् रायभोगाला राब लागतोच, आसं ह्यांचं म्हणणं. राब म्हंजे रोपाची जागा भाजायची. खाली शेण पसरायचं, त्यावर झाडावरनं तोडलेल्या ओल्या फांद्या, त्याला आमी कवळ म्हणतो, त्यावर पातेरा म्हंजे वाळला पाला, गवत, वर मातीचा हात. उन्हाळ्यात ते पेटवायचं, वाऱ्याच्या उलट अंगानं, म्हंजे दमादमानं जळतं. मग त्या राखंत बी फेकायचं. रोप आसं काळंभोर येतं की बघत राहावं. आता बाकीची लोकं राब करत न्हाईत, गादीवाफा करत्यात, युरिया मारत्यात. कवळ तोडाया गेलं की फॉरेस्टवालं बी डोळं वटारत्यात. पण ह्यांना सांगणार कोण? दगडावर डोकं आपटलेलं बरं.

गोरखचं आन् ह्यांचं पयलं फारसं बोलणं नसायचं. भांडण न्हाई बरं का, नुसतंच बोलणं न्हाई. "जेवलास का?" "व्हय." "म्हस पाजलीस का?" "व्हय." झालं, संपलं. मग गोरखला खाली हायवेकडं कचऱ्यापासनं लाईट करत्यात तिथं नोकरी लागली. सारोळ्याला खोली घेऊन राहायचा, सुट्टीला एसटीनं वेल्ह्याला आन् तितनं मिळंल त्या गाडीनं घरी. आन् काय सांगू तुमाला, पोरगं बोलाया लागलं! बापाच्या शेजारी बसून घटकाघटका.

"दादा, आदी तिथं कचऱ्याचा डोंगर व्हता. रातदिस धुमसायचा. त्याचं काळं पाणी झिरपून खालच्या विहिरीत उतरायचं. आता त्योच कचरा बंद भट्टीत जाळत्यात. त्या आगीवर पाण्याची वाफ करायची, वाफंवर चाक फिरतं, आन् लाईट तयार! धूरबी गाळून सोडत्यात."

"पण जाळायचंच कशाला? पुरावं की," हे म्हणायचं.

"पुरायला जागा कुठं हाय? आन् कचरा नुसता कुजत पडला तर त्यातनं वायू निघतो, त्यो धुरापरीस वाईट. आमचं साहेब सांगत व्हतं. जाळलं की घाणबी गेली, जागाबी वाचली, वर लाईट मिळाली."

"आन् मागं काय उरतं?"

"राख. दुसरं काय उरणार?"

ह्यांच्या तोंडावर हसू आलं. "म्हंजे तुमचा त्यो मोठा राबच की रं!"

गोरख एवढा हसला, एवढा हसला! त्या दिसापासनं दोघं त्या कारखान्याला मोठा राबच म्हणायचं. म्या आपलं चुलीपाशी बसून टोमणा मारला, "आमी राब जाळला की गुन्हा, आन् तुमी जाळला की लाईट. भारी हाय बाबा!" पण मनातनं मला बरं वाटत व्हतं. आन् खोटं कशाला बोलू? पयलं भाच्याच्या लग्नाला गेलो तवा त्या कचऱ्याच्या डोंगराजवळनं जाताना पदर नाकावरनं काढवत नव्हता. कुत्री, कावळी, आन् त्यो पिवळा धूर. आता त्याच वाटंनं जाताना वास म्हणून न्हाई. पोरगं चांगल्या कामाला लागलं व्हतं.

मग मागच्या उन्हाळ्यात हे कवळ तोडाया ऐनाच्या झाडावर चढलं आन् फांदीसकट खाली आलं. खांदा निखळला. भोरच्या दवाखान्यात नेलं, पट्टा बांधला, पण हात काय पुन्हा वर जाईना. त्या साली मी आन् गोरखनं कसातरी राब भाजला, पण सुगीला माणूस कमी पडलं, भात उभं राहिलं आन् रानडुकरांनी निम्मं लोळवलं. रायभोगाचं बी उरलं पायलीभर.

"पुढल्या साली झाडावर चढायचं न्हाई," गोरखनं बापाला बजावलं.

"मग राब कशाचा भाजू? तुझ्या डोक्यावरच्या केसांचा?"

गोरखनं ते मनात धरलं आसणार.  ह्या वैशाखात एक दिस पप्पूचा टेम्पो आमच्या दारात येऊन उभा. पप्पू म्हंजे आमच्याच गावचा, खाली माल घेऊन जातो आन् येताना गाडी मोकळी आणतो. टेम्पोत पोती. आन् पोत्यांवर बसलेला गोरख, तोंड आसं फुललेलं, की लग्नातला नवरदेवबी एवढा फुलत न्हाई.

"दादा, आता झाडावर चढाया नगं आन् कुणाच्या हातापाया पडाया नगं. मोठ्या राबाची राख आणलीय!"

म्या पोत्यात हात घातला. करडी, खरबरीत राख. मधीच काचंचा तुकडा, तारंचा तुकडा. म्या म्हटलं, "अरं, त्यात काय काय जळालं आसंल, तुला तरी ठाऊक हाय का?"

"आई, आगीत गेलं की समदं सारखंच व्हतं. तूच म्हणतीस ना? आन् विटा करणारं लोकं गाड्या भरून नेत्यात ही राख. विटंला चालती, मग वावराला का न्हाई चालायची?"

आता राबात वाढलेलं पोरगं. राख म्हणलं की त्याच्या डोळ्यापुढं काळंभोर रोपच येणार.  ह्यांनी तर मला गप्पच केलं. "तू मधी मोडता घालू नगंस. त्यो तिथला माणूस हाय." मग दोघं बाप-लेक बसलं, राख चाळली, काचा-तारा येचून बाजूला टाकल्या, आन् राबाच्या जागी चांगला बोटभर थर दिला. ह्यांचा एक हात चालंना तर गोरख म्हणायचा, "दादा, तुमी नुसतं सांगा कुठं टाकू." हे सांगायचं. मी तुमाला सांगते, एवढं सुख म्या माझ्या घरात कधी बघितलं नव्हतं.

मिरगाला ह्यांनी समदं बी फेकलं. पायलीभर हाय, त्यात मागं काय ठेवायचं?

बी उगवलं झकास. बोटभर रोप आलं. मग पावसानं उघडीप दिली आन् मातीवर पांढुरका पापुद्रा धरला. रोपाचं शेंडं पिवळं पडलं, मग पिवळं खाली खाली उतरलं. आमच्या बांधाला लागून साहेबरावांचं वावर. साहेबराव बौद्धवाडीतलं, ह्यांचं ल्हानपणापासनंचं दोस्त. ते बांधावरनं आलं, एक रोप उपटून मुळ्या बघितल्या, आन् हळूच म्हणालं, "ज्ञानूअण्णा, मुळ्या जळल्यात."  आठवडाभरात राबात हिरवं म्हणून उरलं न्हाई.

मी धावत साहेबरावांच्या घरी गेले. त्यांच्या लीलाबाईनं सुनंच्या बाळंतपणाला माझ्याकडनं साळीचं रायभोग नेलं व्हतं. म्हटलं, मूठभर जरी साळ उरली आसंल तरी बी धरता येईल. त्या माउलीनं सगळं डबं, मडकी उपसून काढली. सगळं कांडून, शिजवून संपलं व्हतं. ती माझ्याकडं बघून रडाया लागली, मीच तिला गप केलं. वेल्ह्याच्या बाजारात इचारलं, पाव्हण्यारावळ्यांना फोन केलं. कुणाकडं न्हाई. जो त्यो म्हणतो, "आवं, तुमच्याकडंच आसतं की ते!"

गोरखला सांगितलं न्हाई, तरी त्याला कळलंच. सुट्टी नसताना आला. राबात उभा राहिला, खाली बसला, माती हातात घेतली. दुसऱ्या दिशी जाऊन कारखान्याच्या साहेबांना इचारून आला. साहेब ओरडलं न्हाईत म्हणं, कपाळाला हात लावला. त्या राखंत क्षार आसत्यात, धातू आसत्यात. म्हणून तपासून जी योग्य ती विटांना द्यायची आन् बाकीची खाली प्लास्टिकचा जाड कागद आंथरलेल्या खड्ड्यात पुरायची. "भट्टीचं काम भट्टीनं चोख केलं, आई," गोरख मान खाली घालून म्हणाला, "राख जिथं जायची तिथं म्या जाऊ दिली न्हाई."

मग त्यानं काय करावं? कुदळ घेतली आन् राबाची माती हातभर खणून पोत्यांत भरली. एकट्यानं. पप्पूच्या टेम्पोतनं ती कारखान्याच्या त्या खड्ड्याला पोचवून आला. परत कामावर गेलाच न्हाई. घरी बसला. म्हंजे नुसता बसला. ताट पुढं ठेवलं की दोन घास चिवडायचा आन् उठायचा. गालाची हाडं वर आली. वर गावातली लोकं काय कमी हायत व्हय? दुकानाच्या कट्ट्यावरनं कुंडलिक म्हणतो कसा, "करायला गेला गणपती आन् झाला मारुती! काय गोरख, राबाला मीटर बसवला का न्हाई?" म्या त्याला आसा झाडला की चार दिस कट्ट्यावर बसला न्हाई. पण गोरखनं ऐकायचं ते ऐकलंच.

मला बियाचं काय वाटंना झालं व्हतं. गेलं तर गेलं. पोरगं हातचं जाऊ नये, एवढंच मला पायजे व्हतं. विहिरीकडं गेला की मी काय तरी निमित्त काढून मागं जायची. आन् हे? हे आपलं गप. पोराकडं बघायचं आन् मान वळवायचं. मी चिडून म्हटलं, "आवं, त्याला काय तरी बोला! शिव्या द्या, मारा, पण बोला! तुमच्या गप बसण्यानं त्यो मरंल." हे म्हणालं, "काय बोलू, तेच बघतोय."

साहेबरावांनी त्यांचं जास्तीचं इंद्रायणीचं रोप दिलं. खाचर पडीक ठेवू नका म्हणालं. लावणी करून आमी तिघं दुपारी बांधावर भाकरी खायाला बसलो. गोरखनं भाकरी हातात धरली व्हती, नुसती धरली व्हती. तवा हे बोललं.

"गोरख, तुझी काय चूक न्हाई. मला ठाऊक व्हतं."

"काय ठाऊक व्हतं?"

"पोतं उघडलं तवाच. ही राख वावराची न्हाई, हे मला कळलं व्हतं. हाताला चरचरली. आमी काय आज राख बघतोय व्हय?"

गोरखनं भाकरी खाली ठेवली. "मग टाकू का दिली?"

"तू एवढ्या हौसंनं आणलीस. तुझं मन मोडवंना. म्हणून चूक माझी. तू मनाला लावून घिऊ नगं. जेव."

मला वाटलं, आता पोरगं रडंल, मोकळं व्हईल, जेवंल. पण गोरखचा चेहरा आसा झाला की त्यो अजून माझ्या डोळ्यापुढनं जात न्हाई. 

"म्हंजे माझं कायबी तुमी खरं मानत नव्हता," त्यो म्हणाला. "मी भट्टीचं सांगायचो, वाफंचं सांगायचो, तुमी मान हलवायचा. मला वाटायचं, दादांना पटतंय. तुमी आपलं बोबड्या पोराचं कवतिक करावं तसं ऐकून घेत व्हता व्हय?"

"तसं न्हाई रं, गोरख..."

"'नगं' एवढं म्हणाला आसता तर मी पोती माघारी नेली आसती. हसत नेली आसती. आजीचं बी गेलं तरी चालंल, पण पोराला खुळ्यात काढायचं! मी काय एवढा ल्हान हाय व्हय, दादा?"

  गोरख उठला, पाय धुतलं आन् घराकडं गेला. सांजच्याला पिशवी भरली, सकाळची गाडी धरून वेल्ह्याला आन् तितनं पुढं. माझ्या पाया पडला. बापाच्याबी पडला, पण वर बघितलं न्हाई.

त्यो वळणापलीकडं गेला आन् मी ह्यांच्यावर आशी धावले, आशी धावले! "तुमाला अक्कल हाय का काय? ठाऊक व्हतं तर मला सांगाया काय झालं व्हतं? आयचं बी मातीत घातलं आन् वर पोरालाबी घालवलं! बाप हाय का कोण तुमी?"

हे ओट्यावर बसलं व्हतं. धरला न्हाई तर हात लोंबायचा, त्यो दुखरा हात मांडीवर घेऊन. म्हणालं, "चंद्रे, मला कुठलं आलंय ठाऊक आसाया?"

मी तिथंच थांबले.

"पोरगं म्हणालं राख चांगली हाय, म्या चांगली मानली. त्यानं शिकून आणलेलं ते. चरचरली न्हाई, आन् काय न्हाई. मला तर वाटलं व्हतं, औंदा रायभोग डोक्याएवढा यील."

"मग आसं खोटं का बोललात वो?"

"त्यो सोताला खात व्हता. म्हटलं, आपल्या अंगावर घ्यावं. चुकीला बाप निघाला म्हंजे पोरगं सुटतं." मग त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आन् माझा मालक, ज्याला म्या खांदा निखळला तवाबी रडताना बघितलं न्हाई, त्यो लेकरावाणी रडाया लागला. "मी त्याचं समदं खरं मानत व्हतो गं, चंद्रे. शब्द न् शब्द."

मी पदर खोचला आन् निघाले. गाडी वेल्ह्याला थांबती, फोन हाय, पप्पू हाय, कुठंबी गाठते आन् सांगते म्हटलं. ह्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. "नगं. सांगितलंस तर पुन्हा त्याची चूक त्याच्या गळ्यात पडंल. माझ्यावर रागावलाय, रागावू दे. रागावलेला माणूस जेवतो तरी. शरमेनं गेलेला जेवत न्हाई. तुला माझी शप्पत हाय."

शप्पत घातली. थांबले. थांबाया पायजे व्हतं का नव्हतं, ते मला अजून कळत न्हाई. कधी वाटतं, सांगून टाकावं, शप्पत गेली खड्ड्यात. मग त्याची ती वर आलेली गालाची हाडं आठवत्यात आन् जीभ टाळ्याला चिकटती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणत्यात त्यो हाच.

गोरख आता चाकणला हाय, कंपनीत. रोज सांजच्याला फोन करतो, मलाच. म्हशीचं इचारतो, साहेबरावकाकांचं इचारतो, माझ्या गुडघ्याचं इचारतो. बापाचं इचारत न्हाई. हे माझ्या शेजारीच बसल्यालं आसत्यात, श्वासबी हळू घेत्यात, म्हंजे तिकडं ऐकू जाऊ नये. मधीच मला खुणावत्यात, पाची बोटं तोंडाकडं नेऊन. मी इचारते, "जेवलास का रं बाळा?"

"व्हय, जेवलो."

मी ह्यांच्याकडं बघून मान हलवते. तवा कुठं हे उठून हात धुत्यात आन् ताटावर बसत्यात.